पक्की टीप

१२ फेब्रुवारी, गुरुवार

लेकीचा हात मोडला. उजवा. कोपरातून.

दुपारी मशीनवर होते, एका गिऱ्हाइकाच्या पडद्यांना कड मारत. शाळेतून फोन आला. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "जरा लागलंय, येऊन जा." जरा! दवाखान्यात पोचले तर माझी आठ वर्षांची लेक पांढरीफटक, आणि हात भलत्याच दिशेला वळलेला. मैदानात ते लोखंडी गोल चक्र आहे ना – मुलं वर बसतात, बाकीची ढकलतात – मधल्या सुट्टीत त्यावर बसली होती. बाही बोल्टात अडकली, पोरगी खाली पडली आणि चक्र फिरतंच राहिलं. मोठ्या मुलींनी जोर लावून ढकललेलं, ते थांबेना. शिपाई धावत येईपर्यंत तीन फेऱ्या फरफटली.

तीन फेऱ्या! 

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑपरेशन झालं. कोपरात दोन तारा घातल्यात. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, त्याची काळजी नको. पण नस दबलीय. बोटं हलतील की नाही, ते काही आठवड्यांनी कळेल.

"उजवा हात आहे हो," मी म्हटलं. "चित्रं काढते ती." डॉक्टर मान खाली घालून लिहीत राहिले.

१४ फेब्रुवारी, शनिवार

बाई भेटायला आल्या. पाच मिनिटं अवघडून उभ्या राहिल्या. निघताना जिन्यात मला बाजूला घेऊन हळूच – "मुली सांगतात, ती दांडगी हिची बाही ओढत होती. दोन्ही हातांनी. सोडतच नव्हती."

दांडगी! हिच्याच वर्गातली, हिच्या दुप्पट अंगाची. शाळाभर हेच नाव, खरं नाव हजेरीपुरतं. लेकीच्या तोंडी रोज तिचंच पुराण – दांडगीनं झाडावरून उडी मारली, दांडगीनं माझं दप्तर उचललं. मी ऐकून हसायचे. हसायचे!!

वर येऊन लेकीला विचारलं, "दांडगीनं तुझी बाही ओढली ना?" औषधाच्या गुंगीत होती. म्हणाली, "हो." आणखी काहीतरी पुटपुटत होती. मी म्हटलं, बोलू नकोस, दमशील. मला कळायचं ते कळलं होतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

दवाखान्यातून तिच्या कपड्यांची पिशवी मिळाली. घरी येऊन गणवेश मशीनच्या टेबलावर पसरला. दिव्याखाली नीट बघितला, गिऱ्हाइकाचा बघते तसा.

बाही त्यांनी कात्रीनं कापलीय. पण खांद्याची टीप? जशीच्या तशी! बाजारच्या गणवेशाची शिवण बोट लावलं तरी उसवते, म्हणून लेकीचा मी घरीच शिवला. जाड कापड, दुहेरी टीप, वर आणखी एक. वाढतं अंग म्हणून बाही दोन बोटं लांब. हे तर चिडवतात, तुझ्या शिवणीला बैल बांधावा. बांधा खुशाल.

कफाचं बटण मात्र गेलंय. नुसतं तुटलं नाही, कापडाच्या तुकड्यासकट निघालंय. आणि त्या भोकाच्या बाजूला बारीक खुणा, अर्धगोल. भिंग घेऊन पाहिल्या.

दात.

चावलीय ती! माझ्या लेकीला फरफटताना चावत होती! 

१६ फेब्रुवारी, सोमवार

शाळेत गेले. मोठ्या बाईंच्या खोलीत पंखा गरगरत होता, त्याच्याखाली बसवलं मला. मी बोल्टाचं विचारलं, तो वर आलेला कसा, कोणी बघत नाही का? मोठ्या बाई म्हणाल्या, "बाहीच कोणी ओढून धरली तर चक्र काय करणार?" बरोबरच आहे की. जाताना चक्राकडे पाहिलं होतं. नवा रंग, ओला. खाली लोखंडाचा कीस पडलेला. कोणीतरी काहीतरी घासून काढलं होतं. पण माझं डोकं तिकडे नव्हतं.

दांडगीला बोलावलं. ओठ सुजलेला. मी पिशवीतून गणवेश काढून समोर धरला.

"तू ही बाही ओढत होतीस?"

"हो."

"हे दात तुझे?"

"हो."

एवढ्याशा पोरीचं धारिष्ट्य बघा, डोळ्याला डोळा देऊन! मग पुढे बोलायला तोंड उघडलं. मी टेबलावर हात आपटला. "पुरे!" मोठ्या बाई लगेच म्हणाल्या, "जा वर्गात."

१७ फेब्रुवारी, मंगळवार

लेकीला घरी आणलं. गुंगी उतरली तशी म्हणाली, "आई, दांडगी –" मी तिथेच तोडलं. त्या पोरीचं नाव या घरात काढायचं नाही. ऐकलंस? गप्प झाली. पहिल्यापासून शहाणी आहे.

हे म्हणाले, "अगं, ते पण आठच वर्षांचं पोर आहे." रात्रीपर्यंत यांच्याशी बोलले नाही.

संध्याकाळी कागद घेऊन घरोघरी फिरले. दांडगीला शाळेतून काढा, नाहीतर आम्ही आमच्या मुली काढतो. एकतीस सह्या! कोणी वाचलंसुद्धा नाही. निम्म्या जणींचे ब्लाउज माझ्याकडे शिवायला असतात.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

तिची आई आली. लाँड्रीत इस्त्री करते, मनगटांवर भाजल्याचे डाग. आत या म्हटलं नाही मी.

"ताई, पोर घरी काही बोलत नाही हो. जेवतही नाही नीट. पुढचे दोन दात हलतायत तिचे, कशानं ते सांगत नाही."

मी म्हटलं, "माझ्या लेकीची बोटं हलत नाहीत."

दार लावून घेतलं. बराच वेळ ती बाहेरच उभी होती, दाराखालून सावली दिसत होती.

२१ फेब्रुवारी, शनिवार

ती आज समोरच्या भिंतीपाशी उभी होती. दांडगी. एकटीच. आमच्या खिडकीकडे बघत. मूठ घट्ट आवळलेली.

मी कापड बेतत होते. तशीच कात्री हातात घेऊन बाहेर गेले. खरं सांगते, कात्री हातात आहे हे रस्ता ओलांडल्यावर कळलं. ती पळाली नाही. माझ्याकडे बघितलं, कात्रीकडे बघितलं, मग गेली. मी कात्री पदराखाली घेऊन घरात आले.

लेकीला विचारलं, तू पाहिलंस तिला? भिंतीकडे तोंड करून झोपली होती. झोपली नव्हती.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

काढलं तिला! मोठ्या बाईंचा फोन आला, "दाखला दिला." म्हणाल्या, आता प्रकरण मिटलं असं समजायचं ना? बोल्टाबद्दल कुठे अर्ज वगैरे नाही ना करणार? मी म्हटलं, नाही.

वाटलं होतं, आज हलकं वाटेल. दिवसभरात तीनदा सुई मोडली.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी खिडकी उघडली तर कठड्यावर बटण.

माझंच. पांढरं, चार भोकांचं, कापडाच्या तुकड्यासकट. दोरा तोच, गाठ माझीच. मी हातात घेतलं आणि टाकून दिलं, विंचू असावा तसं. म्हणजे ती इथवर आली होती! काय सांगायचंय तिला? की अजून येईन? यांनी खिडकीला दुसरी कडी बसवली. मी बटण उचलून डब्यात तळाशी टाकलं, बाकीच्या बटणांखाली.

दुपारी इस्त्रीवालीच्या शेजारणीनं सांगितलं, ती माणसं काल संध्याकाळीच खोली सोडून गेली. कुठे? ठाऊक नाही. दुसरी शाळा मधेच घेईना, म्हणून नवऱ्याच्या भावाकडे कुठेतरी.

गेली तर गेली. सुटलो.

म्हणजे जाता जाता ठेवून गेली बटण.

३ मार्च, मंगळवार

डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली. अंगठ्याला कळलं! करंगळीलाही थोडं. मधली तीन बोटं अजून गप्प आहेत. "वाट बघू," म्हणाले. मी जिन्यात बसून रडले. हे पाठीवर हात ठेवून उभे होते, वेडे.

लेक मात्र हसली नाही. पूर्वी टाचणीला केवढी किंचाळायची. आता काहीही विचारा, मानेनं हो, मानेनं नाही. मीच शिकवलंय बोलू नकोस म्हणून, असं एकदा मनात आलं. उगाच काहीतरी.

४ मार्च, बुधवार

पुढच्या महिन्यात शाळेत जायचं म्हणतायत. नवा गणवेश बेतला. कापड आणखी जाड आणलंय.

५ मार्च, गुरुवार

बाही जोडत होते. लेक शेजारी येऊन बसली. डाव्या हातानं चाक धरून मशीन थांबवलं. म्हणाली, "आई, या वेळी कच्चा टाका घाल ना. दांडगी मला सोडवायला बाही फाडत होती. दातांनीपण. बटण तेवढं निघालं. तुझी टीप उसवेचना."