मच्छरदाणीतला उजेड

रुचिका,

तुह्या तलवारवाल्या बाहुल्याईले मी हात लावला. बोंबलू नको. तुहा टेबलावरचा दिवा त्याईच्या प्लास्टिकच्या तोंडावर नुसता चमकते, म्हणून तू काढते ते फोटो बिघडून राह्यले. मी त्याईले खिडकीत उभं केलं अन् त्याईच्या पुढं मच्छरदाणी बांधली. आता असं वाटते का ते धुक्यात, पराटीच्या, कापसाच्या वावरातून घराकडं चालत येऊन राह्यले. मोतीबिंदूनं मले सारं असंच दिसते, म्हणून सुचलं.

मी तुह्या बाबासंग डोळ्याच्या ऑपरेशनले वर्ध्याले चालली. भेली नाई मी, गावभर सांगत फिरू नको. चार वाजेच्या उन्हात फोटो काढजो अन् मोठा करून दवाखान्यात आणजो. पट्टी सुटली का पहिले तोच पाहीन. हालला असंन तर मंग तुहंच तोंड पाहा लागंन.

आजी