बाबा, मी नाचलो

बाबा आणि आई,

दोघांना नमस्कार. गुडघ्याला लोकरीची पट्टी बांधता ना, बाबा?

इथे बटाटे काढायचं काम बरं चाललंय, जेवण पोटभर मिळतं. मालकाच्या कुत्रीला पिल्लं झालीत, त्यातलं एक थेट आपल्या मोलीसारखं, एकच कान काळा. पण सांगायचं ते दुसरंच. मर्डोकाका मेंढ्या विकायला इकडे आला होता. त्याने सांगण्याआधी मीच सांगतो, शनिवारी मी गावच्या हॉलमध्ये नाचलो.

आपल्या बेटावर नाच म्हणजे पाप, चर्चमध्ये स्तोत्र सांगणाऱ्याचा मुलगा तर नाचतच नाही, ठाऊक आहे मला. म्हणूनच फजिती झाली. फिडल वाजायला लागलं आणि मी उभाच. तुम्ही ओळ म्हणता, मग आम्ही म्हणतो, तसं आधी कुणीतरी करून दाखवेल म्हणून थांबलो होतो. माझी जोडीदार एल्स्पेथआजी दंड ओढत म्हणाली, "चल रे पोरा, तुझ्यासाठी वाजवणारे थांबतील का?" मी उलटा वळलो आणि पोस्टमास्तरवर आदळलो.

"बेटावरची मेंढी सुटली वाटतं," तो म्हणाला. सगळे हसले, पण माझा हात कुणी सोडला नाही.

दारू नव्हती, बाबा. चहा आणि लोण्याची बिस्किटं होती.

नव्या वर्षाला येतोय, तुमचं उत्तर आलं नाही तरी. दाराला कडी लावलीत तर गोठ्यात झोपेन, पण चुकलो म्हणणार नाही. रविवारी तुम्ही ओळ म्हणा, तुमच्यामागून सगळ्यांत मोठ्याने मी म्हणेन. शनिवारी मात्र मी कुणासाठी थांबणार नाही.

तुमचाच,
टॉर्मड