डावा कोपरा कोणाला

शुक्र. ३ ऑक्टो.
ग्रुपवर सकाळपासून एकच विषय. आपल्या टीमनं डाव्या कोपऱ्यात पकड करायला कोणाला घ्यायचं. कबड्डीची लीग, सहा टीम, सगळे इथलेच, अबुधाबी-शारजाकडचे मराठी. पुढच्या शनिवारी ड्राफ्ट, मॅनेजर लोक पाळीपाळीनं एकेक खेळाडू उचलणार. आमचे मॅनेजर म्हणजे बाबा. खेळणारे बारा, भांडणारे दोनशे.
मिलिंदकाका : "चढाई काय कोणीपण करतो. पाय धरणारा माणूस आणा."
नावं दोन. रोहन, अबुधाबीत बँकेत, जिमवाला, पकड करायच्या आधी केस नीट करतो. आणि सदा, शारजाजवळ हमरियात पाइप फिटर, तासगावकडचा. त्यानं घोटा धरला की खलास.
मी सदाकडून. बाबा जेवताना : "रोहन स्वतःच्या गाडीनं येतो. तुझ्या सदाला प्रॅक्टिसला आणणार कोण?"
मी आणीन म्हटलं.

रवि. ५
सदाला ड्राफ्टआधीच्या खुल्या प्रॅक्टिसला आणलं, परत सोडलं. गाडीत बसताना त्याचा डावा गुडघा कट्‌ करून वाजला. मला ऐकू आला.
"कामावर पडलो होतो गं ताई मागं. पळताना न्हाई दुखत. खाली बसताना दुखतं. कुणाला बोलू नका हां."
कोपऱ्यातला माणूस सगळा वेळ खाली वाकूनच असतो. हे मी बोलले नाही.
मॅच ऑनलाइन लाइव्ह दिसणारेत, त्याच्या गावीसुद्धा. त्याची लेक तिथे, आठ वर्षांची, तिनं बापाला खेळताना कधीच बघितलं नाहीये. "निवड झाली की सांगतो म्हटलंय तिला." हे तीनदा सांगितलं त्यानं.

मंगळ. ७
मिलिंदकाकांची आयडिया : "तू लिहितेस ना, मग प्रत्येक खेळाडूवर चार ओळी टाक. पोरांना कळू दे."
ठीक. रोहनवर टाकल्या. स्मायली आले. फालतू.

बुध. ८
सदावर लिहिलं. तीन वेळा खोडून. शेवटी गुडघा आलाच. तो वाजतो, मग हा बसतो, आणि तेवढ्या आवाजावर पकडीची वेळ जुळवून घेतो. वर्षभरात एवढं खरं काही लिहिलं नव्हतं.
'कुणाला बोलू नका' म्हणजे कंपनीत बोलू नका, असं मनाशी ठरवलं. नि पाठवलं.
साठ हार्ट्स. "काय लिहितेस गं." "अंगावर काटा." खूश होते मी. हे इथे तरी लिहायला हवं.

शनि. ११
ड्राफ्ट. मंडळाचा हॉल, चहा, समोसे. बाबांनी पहिल्याच पाळीत रोहनला उचललं. मला वाटलं, दुसरं कोणीतरी सदाला घेईल.
कोणीच नाही. पाच मॅनेजरांच्या फोनवर माझा परिच्छेद. फॉरवर्ड होऊन गेलेला. एकजण दुसऱ्याला : "मॅनेजरच्या मुलीनंच लिहिलंय ना. गुडघा गेलाय."
सदा मागच्या खुर्चीवर. इस्त्रीचा शर्ट. शेवटपर्यंत बसला. मग खुर्च्या उचलायला मदत केली.

रवि. १२
त्याचा मेसेज : 'ताई तुमी लिवलेलं आज वाचलं. लय भारी आहे. लेकीला काय सांगू ते पण लिहून द्या. तुमाला जमतं.'
चिडला असता तर बरं झालं असतं.
उत्तराचे चार मसुदे केले. एकही पाठवला नाही.

गुरु. १६
रोहनला बँकेनं रियाधला पाठवलं, दोन महिने. ग्रुप पेटला. "आधीच सांगत होतो." कोणीही सांगत नव्हतं.
बदली खेळाडू उद्यापर्यंत द्यायचा. बाबांनी मला गॅलरीत बोलावलं.
"तो गुडघा. खरंच तसा आहे?"
"नाही. रंगवून लिहिलं मी."
"म्हणजे खोटं?"
"हो."
बाबा : "मग तुझ्या लिहिण्यातलं खरं धरायचं काय?"
त्यांनी सदाचं नाव पाठवलं.

शुक्र. १७
प्रॅक्टिसला आणलं. गाडीत बसताना पुन्हा तो आवाज. आज मोठा. मी रेडिओ लावला.
त्याला सांगितलं, बाबांनी विचारलं तर ते सगळं ताईनं मनानं रचलं होतं म्हणा.
"तसंच म्हणतो." मग थोड्या वेळानं, "पण ताई, छान लिवलं होतं. खरं होतं म्हणून."

शनि. १८
सकाळी फोटो आला. सदाची लेक, शेजारच्या पाच पोरी, सतरंजी आत्तापासून टीव्हीसमोर. खाली : 'उद्या चार वाजता. थँक्यू ताई.'
ग्रुपवर मिलिंदकाका : "बघा, शेवटी आपलाच माणूस आला."
मी ग्रुपमधून तो परिच्छेद डिलीट करायला गेले. डिलीट झाला फक्त माझ्याच फोनवरून. बाकी सगळीकडे आहे.
उद्या समोर शारजाची टीम. त्यांच्या मॅनेजरनं ड्राफ्टच्या दिवशी हॉलमध्ये माझा परिच्छेद शेजारच्याला मोठ्यानं वाचून दाखवला होता. म्हणजे पहिली चढाई कुठल्या कोपऱ्यावर येणार ते मीच लिहून दिलंय.