दोन वेण्या, लाल रिबिनी

सर, तुम्ही गेलात तेव्हा मी अमरावतीला बी.एड. करत होतो. परीक्षा चालू होती म्हणून शेवटचं दर्शन घ्यायला अकोटला येता आलं नाही. मी पुढे मास्तर झालो आणि आता चक्क हेडमास्तर झालो, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. राजापेठेत शाळा आहे. खाली दुकानं, समोर ट्यूशन क्लास, आणि शाळा सुटायच्या वेळेला दुचाक्यांची अशी दाटी होते की घंटा झाली तरी पोरं फाटकाच्या आतच अडकून राहतात. तुमच्या शाळेसमोर जिनिंगला जाणाऱ्या कापसाच्या गाड्या उभ्या असायच्या. घंटेला बैल दचकायचे नाहीत, आम्हीच दचकायचो. यंदा आमच्याकडे गणवेशावरून जे रामायण झालं, ते तुम्हाला सांगावंसं वाटतंय, कारण त्यात निम्मा वाटा तुमचा आहे.

आधी तो निम्मा सांगतो. मी पाचवीत तुमच्या शाळेत आलो तेव्हा माझे केस कमरेपर्यंत होते. तान्हा असताना मी आजारी पडलो होतो, आणि आईने पातूरजवळच्या टेकडीवरच्या देवीला नवस केला होता, की पोरगा जगला तर त्याचं जावळ तुझ्या पायाशी, मामाच्या मांडीवर काढीन. मी जगलो. पण तेवढ्यात मामाचं आणि बाबांचं बिनसलं. एका लग्नात आमच्याकडून मामाला टोपी-दुपट्टा द्यायचा राहिला, मामा भरल्या पंगतीतून उठला आणि पातूरला जाऊन बसला तो बसलाच. मामा नाही म्हणून मांडी नाही, मांडी नाही म्हणून कात्री नाही, आणि केस काही कुणासाठी थांबत नाहीत. गावच्या प्राथमिक शाळेत त्याचं कुणाला काही वाटलं नाही. आई रोज सकाळी फुलं घेऊन अकोटच्या बाजारात जायची, जाण्याआधी माझी वेणी घालायची, आणि घाईत कधीकधी सवयीने तिच्यात शेवंतीही खोचायची.

तुमच्या शाळेत पहिल्या दिवशी तुम्ही पायऱ्यांवर उभे राहून एकेकाची चड्डी, सदरा, नखं, केस बघत होता. माझ्यापाशी आलात आणि थांबलात. नाव विचारलंत. मी सांगितलं. तुम्ही पुन्हा विचारलंत, मी पुन्हा तेच सांगितलं. मग तुम्ही माझी वेणी दोन बोटांनी उचलून पाहिली आणि म्हणालात की उद्या केस कापून यायचं, नाहीतर यायचंच नाही. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले की मग झालं तर, पोट्ट्याले वावरात घेतो, फुलं तोडाले माणूस पायजेच आहे. मी रडलो नाही, कारण मलाही तुमची भीती वाटत होती आणि वावराची वाटत नव्हती. पण आईला शाळा पाहिजे होती. दुसऱ्या दिवशी ती झेंडूची टोपली डोक्यावर घेऊन थेट तुमच्या ऑफिसच्या दारात उभी राहिली.

"गुर्जी, नवस हाय. मामाच्या मांडीबिगर कातर लागत नाई."

"मंग मामाले आन."

"मामा येत नाई."

"काहून?"

या एका 'काहून'वर आईने लग्नाची, पंगतीची, टोपीची आणि दुपट्ट्याची सगळी कथा सांगितली. टोपली डोक्यावरच होती. शेजारच्या वर्गातले मास्तर एकेक करून व्हरांड्यात आले. कथा संपल्यावर तुम्ही आम्हा दोघांना व्हरांड्यातल्या भिंतीपाशी नेलंत, जिथे शाळेचे नियम रंगवलेले होते, आणि छडी एका ओळीवर ठेवून मोठ्याने वाचलंत: केस लांब असल्यास दोन वेण्या घालून वर बांधाव्यात, रिबिनी लाल असाव्यात.

"याच्यात पोट्टा लिवलं नाई, पोट्टी लिवलं नाई," तुम्ही म्हणालात. "उद्यापासून दोन वेन्या, लाल रिबिनी. एक जरी रिबीन कमी दिसली तर वर्गाबाहेर."

आई खूश होऊन बाजारात गेली. माझं काय झालं असेल याची कल्पना करा. मुलांच्या रांगेत, खाकी अर्ध्या चड्डीत, कानांवर दोन लाल फुलपाखरं घेऊन मी उभा राहिलो. पहिले काही दिवस पोरांनी मला जगू दिलं नाही. मग मोठ्या वर्गातल्या एका मुलीने मधल्या सुट्टीत माझी सुटलेली वेणी ओढून घट्ट बांधून दिली आणि हसणाऱ्यांना एकेक चापट दिली. हळूहळू लोक कंटाळले. दिवाळीपर्यंत शाळेत तिघांनाच माझ्या वेण्या दिसत होत्या: मला, तुम्हाला, आणि तपासणीला आलेल्या साहेबांना. साहेबांनी वर्गात शिरताच विचारलं होतं की या मुलीने हाफपँट का घातली आहे. तुम्ही माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलंत, जणू पहिल्यांदाच बघत होता, आणि म्हणालात, "त्याचा गणवेश पूर्ण आहे, साहेब." साहेब पुढच्या बाकाकडे वळले. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात ताठ उभं राहण्याचा दिवस होता.

त्याच साहेबांच्या सत्कारातली एक शाल आणि टोपी शिल्लक राहिली होती. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही ती पिशवीत घालून एसटीने अकोल्याला गेलात, तिथे गाडी बदलून पातूरला गेलात, आणि मामाच्या अंगणात, त्याचे सगळे शेजारी बोलावून, मामाचा सत्कार केलात. कशाबद्दल, ते मामालाही शेवटपर्यंत कळलं नाही. पण तो आला. टेकडीवर भर उन्हात तो ती शाल अंगावरून काढायला तयार नव्हता, माझे केस तिच्यावर पडत होते, न्हावी वैतागला होता, आणि तुम्ही एका दगडावर बसून तोंडावर रुमाल धरून हसत होता. मी तुम्हाला हसताना त्या आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

आता आमचं सांगतो. आमच्या संस्थेचे अध्यक्ष भले गृहस्थ आहेत, फक्त टीव्ही फार बघतात. दूरच्या कुठल्या शहरात शाळेतल्या पेहरावावरून काही झालं, ते त्यांनी रात्रभर पाहिलं आणि सकाळी सभा बोलावली. शाळेत धर्माचं काहीच नको, समान म्हणजे समान, असं ते टेबलावर हात ठेवून म्हणाले. सगळ्यांना माहीत होतं की हे नववीतल्या एका मुलीच्या रुमालाबद्दल आहे. ती सातवीपासून डोक्याला काळा रुमाल बांधून यायची, गणितात पहिली यायची, आणि त्या दिवसापर्यंत रुमाल कुणाच्या डोळ्यात खुपला नव्हता. पण एकट्या तिच्यासाठी नियम काढला तर बरं दिसणार नाही, म्हणून सभेने सगळ्यांसाठी काढला: गणवेशावर कोणतंही धार्मिक चिन्ह नको. सही माझी.

सोमवारी मी, पीटीचे सर आणि शिपाई फाटकावर उभे राहिलो. सर, तुम्हाला आताच्या अमरावतीतल्या मुली माहीत नाहीत. स्कूटीवर येणारी प्रत्येक मुलगी उन्हासाठी आणि धुळीसाठी तोंडाला अशी ओढणी गुंडाळून येते की फक्त डोळे दिसतात. शिपायाला सांगितलं होतं की डोकं झाकलेल्या मुलीला बाजूला उभं कर. त्याने इमानदारीने सगळ्याच उभ्या केल्या. घंटा होईपर्यंत फाटकाबाहेर शाळेतल्या अर्ध्या मुली उभ्या होत्या. तोवर पीटीचे सर एका पोराच्या मनगटातला लाल गंडा सोडवत होते. तो इतका जुना होता की त्याची वात झाली होती. पोरगा म्हणाला की हा काढला तर आजी आजारी पडते. सरांनी कात्री मागवली, कात्री आली, आणि तेव्हा पोराने सरांच्या मनगटाकडे पाहिलं. तिथे त्याच रंगाचा, त्याहून जाड गंडा होता. सर उरलेली सकाळ एक हात पाठीमागे धरून उभे राहिले. मराठीच्या बाई कपाळाला बोट लावत मला म्हणाल्या, "माझं काय करू, सर? इथेच पुसू की घरी जाऊन?"

ती मुलगी या गोंधळात एका बाजूला थांबली होती. तिने वाद घातला नाही. जवळ येऊन विचारलं, "सर, मी घरी जाऊ की लायब्ररीत बसू?" मी लायब्ररीत बस म्हणालो. ती बसली. रोज येऊन तिथेच बसायला लागली, आणि तिच्या मैत्रिणी मधल्या सुट्टीत गणितं सोडवून घ्यायला तिथे जायला लागल्या. पुढच्या आठवड्यात तिचे वडील आले. त्यांचं गाडीच्या सीटकव्हरचं दुकान आहे, हाताला रेक्झिनचा वास होता.

"सर, मी भांडाले नाई आलो," ते म्हणाले. "पोरगी म्हनते, माझ्यामुळं सरले त्रास नको. तिची टीसी द्या."

मी म्हणालो की क्लार्क रजेवर आहे. क्लार्क समोरच्या टेबलावर बसून टाइप करत होता. त्याने हात थांबवले, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच उठून बाहेर गेला. मुलीच्या वडिलांनीही ते पाहिलं. त्यांनी पुन्हा टीसीचं नाव काढलं नाही, फक्त जाताना म्हणाले की क्लार्क रजेवरून आला की सांगा. त्या रात्री मला माझ्या आईची टोपली फार आठवली.

मग नवरात्र लागलं. अमरावतीत नवरात्रात अर्धं गाव अनवाणी फिरतं. पहिल्याच सकाळी पीटीच्या सरांनी सहावीतला एक मुलगा फाटकावर अडवला, कारण पायात बूट नव्हते. तो अध्यक्षांचा नातू होता. दुपारी अध्यक्ष तडक ऑफिसात आले. चेहरा लाल, आणि तेही अनवाणी. डांबरी रस्त्यावरून आल्यामुळे बोलताना ते एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवत होते. सभा बसली.

"चपला न घालणं हे चिन्ह कसं होईल?" ते म्हणाले. "पोराने काही घातलंच नाही."

"म्हणजे घातलं ते धार्मिक, आणि काढलं ते नाही, असं लिहून घेऊ का, साहेब?" मराठीच्या बाईंनी शांतपणे विचारलं.

अध्यक्षांनी पाय बदलला. तेव्हा मी त्यांना तुमची गोष्ट सांगितली. आईची टोपली, भिंतीवरची ओळ, रिबिनी, तपासणीचे साहेब, सगळं. इतकी वर्षं मी ती बायकोखेरीज कुणाला सांगितली नव्हती. सांगताना माझे कान गरम झाले. अध्यक्ष आधी ऐकत होते, मग हसायला लागले, आणि हसता हसता माझ्या टकलाकडे बघायला लागले, ते मला आवडलं नाही. पण शेवटी तेच म्हणाले, "मग त्या नववीतल्या मुलीलाही शाळेच्या कापडाचा रुमाल द्या ना, त्यात काय." जणू हे त्यांनाच सुचलं होतं. आम्ही सगळ्यांनी ते त्यांनाच सुचलं असं लिहून घेतलं. अनवाणी यायलाही परवानगी मिळाली, फक्त नळावर पाय धुऊन वर्गात यायचं. त्यानंतर नववी ब च्या अख्ख्या वर्गाला भक्तीचा असा झटका आला की पहिला तास नळावरच जायला लागला. त्यात दोन मुसलमान पोरंही होती. विचारलं तर म्हणाली, "सर, बुटात गर्मी होते."

मुलगी वर्गात परत आली. पांढऱ्या कापडाचा रुमाल दिला तर तिने परत केला, म्हणाली मळतो, निळा द्या. निळा दिला. तिच्या वडिलांनी दुकानातल्या मशीनवर त्याला इतकी मजबूत शिवण घातली की तो रुमाल सहज तिच्या नातवंडांना पुरेल.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. तुमच्या अकोटच्या घरी आता मुलगा राहतो, तो उघडून वाचेल आणि मी स्वतःची बढाई मारली असं त्याला वाटेल. वाटलं तर त्याचं चूक नाही. पण एक गोष्ट मी सभेत सांगितलेली नाही, बायकोलाही नाही.

मागच्या आठवड्यात ती मुलगी उघड्या डोक्याने आली. मी व्हरांड्यातच तिला अडवलं आणि, स्वतःलाही नवल वाटेल अशा आवाजात, रुमाल कुठे आहे म्हणून विचारलं.

"घरी आहे, सर."

"काहून?"

"आज मन नव्हतं. उद्या घालीन." मग तिने विचारलं, "घालायचाच, असा नियम आहे का?"

नियम तसा नव्हता. नाही म्हणालो, वर्गात जा म्हणालो. ती गेली. पुढच्या तासाला मी काही कारण नसताना नववीच्या वर्गावरून दोनदा गेलो, आणि दुसऱ्यांदा तिने वर पाहिलं तेव्हा खिशात किल्ल्या शोधत असल्यासारखं केलं. सर, खरं सांगतो, मला राग आला होता. भर सभेत वेण्यांची गोष्ट सांगून मिळवलेली परवानगी तिने एक दिवस वापरली नाही, एवढाच तो राग होता, आणि तो संध्याकाळपर्यंत गेला नाही.