साहेबांचा माणूस

४ ऑगस्ट

यादीत ह्यांचं नाव नाही. पुन्हा!

नायब सुभेदार व्हायचं तर आधी हा कोर्स लागतो. ह्यांच्या बरोबरीचे हवालदार कधीच करून मोकळे झाले. आता मागून भरती झालेला सयाजीही चालला. आणि हे? हसत सांगतात, "कर्नलसाहेब म्हणाले, जयदीप, तू गेलास तर माझं कसं चालायचं?"

साहेबांचं चालेल हो. आपलं कसं चालायचं?

पुढची बॅच शेवटची. त्यात नाव गेलं नाही तर हवालदार म्हणूनच पेन्शन. मग चाकणला कुठल्या तरी गेटवर शिट्टी घेऊन उभं राहायचं. नशीब असलं तर माझ्याच कंपनीच्या! शिफ्ट सुटली की बायकोची पिशवी तपासतील.

७ ऑगस्ट

सयाजीच्या सुमनताई पेढे घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुमाला कशाला लागतोय बाई कोर्स? कर्नलच खिशात हाय तुमच्या." मग जरा थांबून, "माझे सासरे गेले तवा आमच्या ह्यांना रजा मिळंना. तुमी मात्र जत्रेला गावी व्हता."

खोटं काय आहे त्यात? पेढा तसाच डब्यात ठेवून दिला.

सगळ्यांना वाटतं आम्ही लोणी खातोय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

१५ ऑगस्ट

कर्नल माथुर तेव्हा कॅप्टन होते. काश्मीरला एका बंकरमध्ये दोघांनी अख्खा हिवाळा काढला, तेव्हापासूनची ही दोस्ती. दिवसभर 'सर, सर' — आणि संध्याकाळी बंगल्यावर कॅरम. बाहेर माणसं सहीसाठी ताटकळलेली, आत राणी घेतली म्हणून टाळ्या! युनिटमध्ये ह्यांना 'छोटे कर्नल' म्हणतात. टोमणा आहे तो. ह्यांना कळत नाही, की कळून आवडतो, देव जाणे.

मला त्या माथुरांचा राग येतो. मित्र म्हणवतात आणि मित्राचीच वाट अडवून बसलेत.

७ सप्टेंबर

गणपती बसले. कर्नलसाहेब आमच्याकडे जेवायला आले! रहाटणीच्या आमच्या जिन्यावर शेजारीपाजारी गोळा. साहेब बूट काढून खाली पाटावर बसले, हाताने वरणभात कालवला. "भाभी, जयदीप मेरा भाई है."

आज विचारायचंच, असं ठरवलं होतं. वाक्यसुद्धा हिंदीत पाठ केलेलं. तोंड उघडलं — तर साहेबांच्या मागे उभे राहून हे डोळे वटारतायत.

"साहेब, मोदक लीजिए ना," एवढंच बोलले.

मग मोरीत जाऊन रडले. नळ सोडून.

११ सप्टेंबर

साहेबांची बदली आली! आसाम. दिवाळीआधी जाणार.

हे जेवले नाहीत. घरात कुणी गेल्यासारखे बसून आहेत. मला मात्र वाटतंय, जाता जाता तेवढं नाव घातलं तर! आता त्यांना तरी ह्यांची काय गरज?

१४ सप्टेंबर

ह्यांना न सांगता बंगल्यावर गेले. साहेब नव्हते. मेमसाबना प्रसाद दिला आणि पदर पसरला. म्हटलं, आता तरी सोडा माझ्या माणसाला.

त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, "साहब ने तो हर बार नाम डाला था. हर बार जयदीप ने ही हाथ जोड़कर कटवाया. इस बार भी, तबादले की ख़बर आने से पहले ही. लिस्ट कल चली गई."

कशी घरी आले, आठवत नाही.

१५ सप्टेंबर

विचारलं. नाही म्हणाले नाहीत. भिंतीकडे तोंड करून बोलले, "बढती झाली की दुसऱ्या युनिटला टाकतात गं. तिथं मी नुसता एक नायब सुभेदार असतो."