मुद्देमालाची धार

ता. ८ जानेवारी ४६
आजपासनं रोज चार ओळी लिहायच्या. इमाम हवालदारांचा हुकूम. "दादू, तुजं अक्षर म्हंजी कोंबडीनं उकरलेला उकिरडा. कायम व्हायचं असंल तर सुधार." तिसरीत शाळा सोडली ती सुटली असं वाटलं होतं. पोलिसात येऊन पुन्हा पाटी. वही मात्र त्यांना दाखवणार नाही.
नोकरी अजून कच्ची. फौजदार शिफारस करतील तर मार्चात कायम, नाहीतर तासगावाकडं परत, भावाची मोट हाकायला. तिकडं तरी काय. आईचा निरोप आलाय, आलास तर खाकी घालून येऊ नको, लोक थुंकतात.

ता. ११
भरतीची आठवण काढून बापू आणि मी हसलो. साताऱ्याला उंची मोजली, छाती मोजली, पळवलं. बापू तालमीतला. त्याची छाती बघूनच मोजणाऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. पळताना अर्ध्यात खाली बसला, तरी घेतला. माझी छाती अर्धं बोट कमी. बाजूला काढलं. तेवढ्यात आमचे फौजदार खुर्चीतनं म्हणाले, "घरी जनावरं आहेत का रे? धार काढता येते?" येते म्हणालो. म्हणाले, पुन्हा मोजा ह्याला. पुन्हा मोजली. भरली.
बापू कुत्र्याला भितो, त्याला गस्त. मी फौजदारांच्या परसातल्या म्हशीखाली बसतो. असा बंदोबस्त आहे.

ता. १५
म्हैस फौजदारांची नाही. चोरीची आहे. दिवाळीच्या आधी नदीपलीकडच्या वाडीतनं गेली, गोदामावशीच्या गोठ्यातनं. मावशी विधवा. सापडली मलकापुराजवळ, मलबा हेड्याच्या दावणीला. हेडी म्हणजे जनावरांचा दलाल. तो म्हणतो माझी, मावशी म्हणते माझी. निकाल लागेपर्यंत म्हैस मुद्देमाल, ठाण्याच्या ताब्यात. म्हणजे फौजदारांच्या परसात.
मुद्देमालात एक कोयता आणि दोन कंदीलही आहेत. ते कोपऱ्यात गंजतात. त्यांना कास नाही ना.
रेडकू चोरीतच मेलं, त्यामुळं कुणाला पान्हा सोडत नव्हती. दोन जुने शिपाई लाथा खाऊन बसले. तेव्हा कुठं भरतीत माझी छाती भरली. आता सकाळचं दूध फौजदारांकडं, संध्याकाळचं कारकून आणि जमादारांत. हवालदारांना ताक. निकालाची घाई कुणालाच नाही.

ता. २२
मावशी ठाण्यात आली. चालत.
"आवं हवालदार, माजी म्हस कवा सोडणार?"
"तारीख पडू दे की मावशी."
"तारीख पडंना व्हय? का पडाय लागली की कुनी वरच्यावर झेलतंय?"
हवालदार मिशीत हसले. पोटात आमच्या म्हशीचं ताक असताना माणूस किती मोकळं हसतो.
मग माझ्याकडं वळली. "धार काढणारा तूच न्हवं? वास येतोय तिचा. डाव्या अंगानं बसू नगंस. लाथ मारती."
"म्हाईत हाय."
जाताना म्हणाली, "लेक बाळंतपणाला आलीया. दूध इकून चालतं आमचं, दुसरं काय न्हाई."
आधी लाज वाटली. मग राग आला, तो कुणावर काढायचा ते समजेना म्हणून बापूला शिव्या घातल्या.

ता. २९
परेडीनंतर फौजदारांचं भाषण. चांगला पोलीस कसा असावा. चपळ, निर्व्यसनी, खरं बोलणारा, रयतेचा सेवक. मिशीला साय लागलेली. सगळी रांग बघत होती, कुणी हसलं नाही. ह्या खात्यात चांगल्या पोलिसाचा पहिला गुण हाच असावा. छाती नंतर.
बापू कानात म्हणाला, "दादू, तुजी साय बोलतीया गड्या."

ता. ५ फेब्रुवारी
एकदाची तारीख पडली. मामलेदारांपुढं.
हेड्यानं दोन साक्षीदार आणलेले, दोघंही कालच म्हैस बघितल्यागत शिंगाचं वर्णन करत होते. मामलेदार कंटाळले. म्हणाले, मुक्या जनावराला विचारू. कचेरीसमोर सोडा, ज्याच्याकडं जाईल त्याची.
एका बाजूला मावशी, एका बाजूला हेडी. मी दावं सोडून मागं सरलो, वडाच्या पारापर्यंत. म्हशीनं नाक वर केलं. मावशी हाका मारायला लागली, तेवढ्यात बघणाऱ्यांनी गलका केला. म्हैस बुजली, वळली, आणि सरळ माझ्याकडं. डगल्याला तोंड घासत उभी.
सगळी कचेरी हसली. मामलेदार पण. "फौजदार, हिचा धनी तुमचा शिपाईच दिसतो." पुढली तारीख.
मावशी हसली नाही, रडली पण नाही. म्हशीच्या पाठीवर हात फिरवून म्हणाली, "वाळली न्हाई. चांगली ठिवलीस बाबा." त्यापेक्षा मुस्काडात मारली असती तर.

ता. ८
फौजदारांनी घरी बोलावलं. चहा दिला. चांगला दाट.
"पुढच्या तारखेला म्हैस तूच न्यायची. मागच्या तारखेसारखाच जवळ उभा राहा. शिफारशी त्याच आठवड्यात पाठवायच्या आहेत."
एवढंच. वाईट असं काही बोलले नाहीत. शिकलेला माणूस वाईट बोलतच नाही.

ता. १२
बाजारात मावशी गाठली. म्हटलं, "मामलेदारास्नी सांग, हाका मारून न्हाई, धार काढून दावते. चरवी घिऊन ये. त्या दिशी सकाळची धार मी काढत न्हाई. कास भरली की वळखीच्या हाताला सोडंलच."
"आन हेडी?"
"हेडी बसला तर लाथ खाईल."
मावशीनं मला नीट बघून घेतलं. "तुज्या नोकरीचं रं?"
"बघतो माजं मी."
"बघतो म्हणणाऱ्यानं कवा काय बघितल्यालं मला दिसलं न्हाई," म्हणाली आणि गेली. येते म्हणाली नाही.

ता. १९
आज तारीख. सकाळची धार काढली नाही. फौजदारांच्या घरनं दोनदा बोलावणं आलं. दोन्ही वेळा म्हणालो, पान्हा सोडत नाही. कोरा चहा पिऊन ते घोड्यावर पुढं गेले. जाताना माझ्याकडं वळून बघितलं. समजलंय त्यांना.
कास दगडासारखी झालीय. सारखी हंबरते. मावशी येईल का, आली तर मामलेदार ऐकतील का, काही ठाऊक नाही. एवढ्यात परसात डोकावलो तर माझी चाहूल लागल्याबरोबर सडातनं दूध टिपकायला लागलं. कचेरीपर्यंत बरोबर चाललो तर तिथं पोचेस्तवर रिकामी होईल.
दावं बापूच्या हातात दिलंय. मी मागनं येतो, लांबनं, वाऱ्याच्या खालच्या अंगानं, तिला माझा वास लागणार नाही असा.