साडूंची दुर्बीण आणि गोजराबाईंचा भुईमूग

ता. दिंडोरी, जि. नाशिक
आश्विन वद्य तृतीया, १९७९

सन्माननीय साडूबुवा खंडेराव यांस,

वाल्मीकचा अर्धा नमस्कार. पुरता वाकलो की कपाळ ठणकतं, तेव्हा अर्ध्यावर भागवून घ्यावं. मनमाडला अक्कांचे गुडघे बरे असतील. इकडे सर्व खुशाल, त्यात रानडुकरं विशेष.

तक्रार गंभीर आहे. गेले काही दिवस मला टोपी घालता येत नाही. तुम्ही मोठ्या प्रेमाने पाठवलेल्या दुर्बिणीने रायफलीच्या धक्क्यासरशी मागे येऊन माझ्या उजव्या भुवईवर अर्धचंद्र कोरला आहे. बोडक्याने बाहेर पडलो की माणसं आवाज खाली आणून विचारतात, कोण गेलं. (सुमनने लाटणं फेकलं असं मानणारा दुसरा पक्षही गावात आहे, आणि तो मोठा आहे.)

वडिलांच्या वेळेपासून नळीच्या टोकावरच्या लोखंडी माशीने नेम धरून आम्ही डुकरं पाडत आलो. पण तुमचं पत्र आलं, की सुधारलेल्या जगात माशी कोणी ठेवत नाही. म्हणून लोहाराकडून ती घासून काढवली आणि मागे, डोळ्यासमोर, दुर्बीण बसवली. मग ओढ्याच्या दरडीला तांबडा भोपळा टेकवून, त्यावर चुन्याचा ठिपका देऊन नेम जुळवायला बसलो. एक बार काढायचा, गोळी कुठे गेली ते बघायचं, दुर्बिणीची चकती जराशी फिरवायची, पुन्हा बार. परवान्यावर वर्षाची म्हणून मिळणारी काडतुसं ओढ्याने खाल्ली. शेवटी ठिपका फुटला. दोन काडतुसं उरली होती, आणि दोन डुकरांना दोन पुरतात अशी माझी समजूत होती.

त्याच गुर्मीत मी बांधापलीकडच्या गोजराबाईंना सांगून बसलो, की यंदा राखणीला माणूस ठेवू नका, मी आहे. एकटी बाई, बिघाभर भुईमूग, त्यावर घरातलं वर्षाचं तेलमीठ. तिने विश्वास ठेवला. (माझ्यावर नव्हे, दुर्बिणीवर. दुर्बीण परगावची होती.)

दुसऱ्या दिवशी दसरा. शस्त्रं पुजायची म्हणून सुमनने रायफल पाटावर घेतली आणि तिला वाटलं, दाजींनी दिलेली वस्तू बंदुकीच्या पाठुंगळी बसवून पुजणं बरं दिसत नाही. मग चाराण्याच्या नाण्याने स्क्रू सोडवून दुर्बिणीला वेगळा पाट, वेगळं हळदकुंकू, वेगळा झेंडू. पूजा झाल्यावर जागच्या जागी बसवली, वर पिळून घट्ट केली. मला कळलं ते सगळं झाल्यावर. "जशी होती तशीच लावली, उलट तुमच्यापेक्षा घट्ट," असं ती अजून म्हणते. केसभर हललेली दुर्बीण शेतापलीकडे हातभर चुकते, हे तिला सांगणाऱ्याला त्या दिवशी जेवायला मिळालं नसतं.

एकादशीच्या पहाटे डुकरं गोजराबाईंच्या वावरात उतरली. मी नेम धरला, काचेत डुकराची मिशीसुद्धा दिसत होती. पहिल्या गोळीने बाईंचं बुजगावणं आडवं झालं. दुसरी कुठे गेली ते मला ठाऊक नाही, तेव्हा माझी भुवई फुटत होती. डुकरं जेवण उरकूनच उठली.

उजाडल्यावर बाई आल्या. उकरलेल्या वावरात उभ्या राहिल्या, माझ्या कपाळाकडे पाहिलं. म्हणाल्या, "वाल्मीकभाऊ, डुकराला नाय लागली तर नाय. पण राखणीला तेवढा एकच गडी व्हता, त्याला तरी ठेवायचा व्हता." शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

असो. दुर्बीण उत्तम आहे. माळावरून दिंडोरीच्या एसटीची पाटी वाचता येते.

आपला,
वाल्मीक

ता. क. दिवाळीला येताना फराळाचं काही आणू नका. मनमाडच्या बाजारातून सुतळी बॉम्बची दोन-चार पाकिटं तेवढी आणा. दोन बारांना डुकरं हलली नाहीत, पण लागोपाठच्या आवाजाने पळतात म्हणे, आणि त्याला नेम लागत नाही.

ता. क. २. आमच्या वाचलेल्या तुकड्यातल्या शेंगांचं एक पोतं काल गोजराबाईंच्या ओसरीवर ठेवून आलो. त्या बाजाराला गेल्या होत्या. अक्कांपाशी बोलू नका, सुमनपर्यंत पोचेल. तिने पोती मोजलीच, तर डुकरांनी नेलं म्हणून सांगणार आहे.